इन्व्हर्टर आहे, यूपीएस आहे, तरी लाइट गेल्यावर दहा मिनिटांत सर्व्हरचा पीसी बंद

तालुका_ऑफिस

करसल्लागाराचं छोटं ऑफिस. तीन पीसी, त्यातला एक फाइल सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा त्याच्यावर, बाकीचे दोन पीसी नेटवर्कवरून तोच उघडतात.

सामान असं आहे:

सर्व्हर: साधा डेस्कटॉप, आय-५, ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीच्या आतला पॉवर सप्लाय), विंडोज १०, एक एसएसडी, एक १ टीबीची हार्डडिस्क, १९ इंची मॉनिटर.
यूपीएस: ६०० व्हीए, लाइन इंटरॅक्टिव्ह (मेन ठीक असेल तर तीच पुढे देणारा, नाहीतर बॅटरीवर जाणारा), आत १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी. ती चार महिन्यांपूर्वीच नवी टाकली. सर्व्हर, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर यावर.
इन्व्हर्टर: ८५० व्हीए, आठेक वर्षं जुना, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी. ट्यूबलाइट, पंखे, राउटर, फायबरचा डबा आणि सर्व्हरच्या टेबलाचा सॉकेट त्याच्या लाइनवर. यूपीएसची पिन याच सॉकेटमध्ये.
बाकीचे दोन पीसी थेट मेनवर, त्यांना बॅकअप नाही.

होतं असं: लाइट गेली की यूपीएस बीप करायला लागतो, सर्व्हर चालू राहतो. दहा-बारा मिनिटांनी यूपीएस लांब बीप देऊन बंद, सर्व्हरही बंद. त्या वेळी पंखे-ट्यूब मजेत चालू असतात, म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी संपलेली नसते. लाइट जाते त्या क्षणी राउटर मात्र रिस्टार्ट होतो.

डेटा फाइलची एरर आतापर्यंत दोनदा आली. त्यातल्या एका वेळी लाइट दोन मिनिटांत परत आली होती, सर्व्हर बंद पडलाच नव्हता.

दुकानदार म्हणतो यूपीएस गेला, १ केव्हीएचा घ्या. घ्यायला हरकत नाही, पण नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत.

---

बॅटरी_बहाद्दर

पहिलं काम: लेझर प्रिंटर यूपीएसवरून काढा. आत्ताच्या आत्ता. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. या वर्गातले बहुतेक यूपीएस ०.६ पॉवर फॅक्टरचे, म्हणजे ३६० वॅट. लेझर प्रिंटरचा फ्यूजर (टोनर कागदावर वितळवणारा रोलर) तापताना घरगुती प्रिंटरसुद्धा सातशे-आठशे वॅट ओढतो, तेही झटक्यात. बॅटरीवर असताना कुणी प्रिंट दिली तर यूपीएस ओव्हरलोड दाखवून तिथेच बसणार.

मग बॅटरी तपासा. पिन भिंतीतून काढा, यूपीएसला पीसीऐवजी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा (एलईडी नको, तो लोडच देत नाही) आणि घड्याळ लावा. पूर्ण चार्ज झालेली नवी ७ एएचची बॅटरी १०० वॅटवर वीस मिनिटांच्या आसपास टिकायला हवी. दहा मिनिटांच्या आत बसली तर बॅटरी गेली समजा. आठ-दहा तास चार्ज करून मगच चाचणी घ्या, नाहीतर चांगल्या बॅटरीलाही नापास कराल.

मल्टीमीटर असेल तर चार्जर काढून दोन-तीन तासांनी मोजा: १२.८ ते १३ म्हणजे भरलेली, १२.२ च्या खाली म्हणजे अर्ध्याहून कमी. पण नुसत्या व्होल्टेजवर भरवसा नको. मेलेली बॅटरीसुद्धा लोडशिवाय १२.७ दाखवते आणि बल्ब लावला की १० च्या खाली घसरते.

चार महिन्यांत बॅटरी बसली असेल तर माल जुना मिळाला असणार. बॅटरीवरचा तारखेचा कोड बघा.

---

रिले_टकटक

प्रिंटरचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. बॅटरीबद्दल मात्र उलट बाजूने बघू या. बॅटरी खराब झालीच असेल, पण ती कशामुळे झाली हा खरा प्रश्न.

प्रश्नात एक गोष्ट लिहिली आहे आणि तीच महत्त्वाची: पीसी लाइट गेल्या क्षणी बंद होत नाही, दहा-बारा मिनिटांनी होतो. या दोन तक्रारी सारख्या वाटतात, पण त्यांची कारणं पूर्ण वेगळी असतात. क्षणात बंद पडला तर बदलाच्या वेळची गडबड: यूपीएसचा रिले (मेन-बॅटरी बदलणारा आतला स्विच) मंद, किंवा बॅटरी लोड घेतच नाही. दहा मिनिटांनी बंद पडला तर यूपीएस आपली बॅटरी संपेपर्यंत चालतोय आणि संपली की बसतोय. इन्व्हर्टर चालू असताना त्याला स्वतःची बॅटरी वापरायची गरजच काय? त्याच्या पिनेत तर २२० व्होल्ट येतायत.

येतायत, पण तो ते घेत नाहीये. ८५० व्हीएचा जुना इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्ह असणार, म्हणजे मेनसारख्या गोलाईदार लहरीऐवजी (साइन वेव्ह) चौकोनी लहर देणारा. लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस येणाऱ्या विजेचं व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि लहरीचा आकार तपासतो. चौकोनी लहर आली की त्याला वाटतं मेन खराब आहे. मग तो बॅटरीवर जातो, थोड्या वेळाने पुन्हा मेन बघतो, पुन्हा नाकारतो. इकडे पंखे फिरतायत आणि तिकडे यूपीएसच्या हिशेबी लाइट गेलेलीच आहे.

खात्री करायला तीन गोष्टी बघा:

१. सर्व्हर रीतसर शट डाउन करून यूपीएसवर बल्ब लावा. मेनचा एमसीबी (बोर्डावरचा स्विच) पाडा, इन्व्हर्टर चालू होऊ द्या. यूपीएसचा दिवा मेनचा लागतो की बॅटरीचा? बीप थांबते का?
२. दर काही सेकंदांनी आतून रिलेची टक-टक ऐकू येते का?
३. इन्व्हर्टरवर पंखा नेहमीपेक्षा जास्त गुणगुणतो का? आणि इन्व्हर्टरच्या मागच्या लेबलवर काय छापलंय?

मल्टीमीटरने इन्व्हर्टरचं आउटपुट मोजून फसू नका. साधा मीटर सरासरी मोजून साइन वेव्हचा हिशेब लावतो, त्यामुळे २२० च्या शुद्ध चौकोनी लहरीवर तो २४४ च्या आसपास आकडा दाखवतो. खरं मोजायला ट्रू आरएमएस मीटर लागतो, तो लहर कशीही असली तरी खरा आकडा दाखवतो.

---

तालुका_ऑफिस

प्रिंटर काढला. एमसीबी पाडून बघितलं.

दिवा बॅटरीचाच राहतो, बीप चालू. टक-टक येते, साधारण दर आठ-दहा सेकंदांनी. पंखा गुणगुणतो, ते आम्ही इन्व्हर्टरचं म्हणून सोडून दिलं होतं. लेबलवर 'स्क्वेअर वेव्ह' असंच छापलंय. मागे एक छोटं बटण आहे, त्यावर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' लिहिलंय, सध्या नॉर्मलवर आहे. बल्बची चाचणी: आठ मिनिटं.

म्हणजे बॅटरी पण गेली आणि इन्व्हर्टर पण बदलायचा?

---

रिले_टकटक

बॅटरी गेली ती इन्व्हर्टरपायी. लाइट जाईल तेव्हा ती पार तळापर्यंत रिकामी होत होती. छोट्या सीलबंद बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या होण्याचं दोन-अडीचशे वेळाच सोसतात. शिवाय तुमच्या यूपीएसचा चार्जर जेमतेम एक अँपिअरचा, पूर्ण भरायला सहा-आठ तास. दिवसातून दोन-तीनदा लाइट गेली तर दुसऱ्या वेळी ती अर्धवट भरलेलीच असणार. नुसती नवी बॅटरी टाकलीत तर पुन्हा चार-सहा महिन्यांनी इथेच प्रश्न विचाराल. १ केव्हीएचा यूपीएस घेतलात तरी तेच, फक्त बारा मिनिटांची पंचवीस होतील.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, ९०० व्हीएच्या आसपासचा. तुमची १५० एएचची बॅटरी १२ व्होल्टचीच, ती तशीच चालेल. मागच्या स्विचवर बॅटरीचा प्रकार 'ट्यूब्युलर' ठेवायला विसरू नका, नाहीतर चार्जिंगचं व्होल्टेज चुकतं आणि बॅटरी एक तर उपाशी राहते नाहीतर पाणी उकळून टाकते. मोड 'यूपीएस' ठेवा. या मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच्या पट्ट्यातच मेन पुढे सोडतो आणि बदल दहा-वीस मिलिसेकंदांत करतो. नॉर्मल मोडमध्ये तो शंभरपासून तीनशेच्या जवळपर्यंत काहीही पुढे ढकलतो आणि बदलायला जास्त वेळ घेतो. तुमचा राउटर रिस्टार्ट होतो तो यामुळेच. ते बटण आजच यूपीएसवर करून बघा, निदान राउटर वाचेल. संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येत असेल तर मात्र यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाईल, तेवढं लक्ष ठेवा.

यूपीएस ठेवायचाच. इन्व्हर्टर बदल करतो तेवढ्या क्षणाची आणि झटक्यांची जबाबदारी त्याची. मोठी बॅटरी इन्व्हर्टरची.

आणि एक जुगाड करू नका, तो कुणीतरी सुचवेलच.

---

स्वस्त_आणि_मस्त

मीच सुचवतो. यूपीएसच्या बॅटरीच्या वायर बाहेर काढून गाडीची मोठी बॅटरी लावायची. व्होल्टेज बारालाच बारा. तीन तास बॅकअप, खर्च शून्य.

---

रिले_टकटक

हाच तो. ६०० व्हीएच्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक दहा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने बनवलेले असतात, कारण तेवढ्यात आतली बॅटरी संपणारच असते. बऱ्याच मॉडेलमध्ये पंखासुद्धा नसतो. तीन तास चालवला की ट्रान्सफॉर्मर वितळायच्या बेतात येतो. दुसरं, एक अँपिअरचा चार्जर १०० एएचची बॅटरी भरायला चार-पाच दिवस घेणार, मधे लाइट गेली नाही तर. तिसरं, गाडीची बॅटरी इंजिन सुरू करायला झटक्यात मोठा करंट द्यायला बनवलेली असते. रोज खोलवर रिकामी केली की तिच्या पातळ प्लेटा काही महिन्यांत झडतात. आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, टेबलाखाली बंद जागेत ते नको.

---

स्वस्त_आणि_मस्त

बरं, मग यूपीएसच काढून सर्व्हर थेट त्या जुन्या इन्व्हर्टरवर लावला, यूपीएस मोड करून? एसएमपीएस आत डीसीच करतो, त्याला लहरीशी काय देणंघेणं?

---

रिले_टकटक

प्रश्न चांगला आहे. साधा एसएमपीएस चौकोनी लहरीवर चालतो, खरं. पण मेनवर असताना त्याचा मोठा कपॅसिटर साइन लहरीच्या शिखरापर्यंत भरतो, म्हणजे २३० गुणिले १.४१, सुमारे ३२५ व्होल्ट. चौकोनी लहरीचं शिखर म्हणजे तिचं सपाट डोकंच, २२०-२३०. कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत, म्हणून साठा निम्म्यावर येतो. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावर पूर्ण लोडला सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. इन्व्हर्टरवरून मेनवर परत येताना हा साठा निम्मा असतो, त्यामुळे लाइट जाताना नाही पण *येताना* पीसी रिस्टार्ट होतो. लोक मग म्हणतात, लाइट येताना झटका बसला. झटका नसतो, खड्डा असतो.

ॲक्टिव्ह पीएफसीवाला (वीज लहरीच्या आकाराबरोबर ओढणारा) महागडा एसएमपीएस असेल तर तो चौकोनी लहरीवर कधी कधी सुरूच होत नाही.

---

डेटा_आधी

तुम्ही सगळे बॅटरीत रमलात. डेटाची एरर सर्व्हर बंद न पडताही आली, ते कुणी वाचलंच नाही.

हिशेबाचं सॉफ्टवेअर फाइल शेअरवर चालत असेल तर डेटा फाइलमध्ये लिहिण्याचं काम सर्व्हर करत नाही, प्रत्येक पीसी स्वतः नेटवर्कवरून लिहितो. एका व्हाउचरला फाइलमध्ये तीन-चार ठिकाणी नोंद करावी लागते: मूळ नोंद, खात्याची बाकी, अनुक्रमणिका. दोन नोंदी झाल्या आणि तो पीसी मेला, तर सर्व्हर ठणठणीत असूनही फाइल अर्धवट राहते. तुमचे दोन्ही पीसी बॅकअपशिवाय आहेत. त्यात राउटर रिस्टार्ट होतो आणि नेटवर्कच्या केबलही त्याच राउटरमधून जात असणार, म्हणजे यूपीएसवरच्या पीसीची सुद्धा तार मधेच तुटते.

म्हणून राउटर किंवा स्विच सर्व्हरच्याच यूपीएसवर घ्या. दोन्ही डबे मिळून पंधरा-वीस वॅट, काही फरक पडत नाही. नोंदी करणाऱ्या दोन पीसींनाही एकेक छोटा यूपीएस द्या, निदान चालू व्हाउचर सेव्ह करण्यापुरता.

आता सर्व्हर. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. दोन क्रमांक गाळून घ्या: ४१ (कर्नल-पॉवर) आणि ६००८. ६००८ मध्ये मशीन अचानक कधी बंद पडलं ती वेळ मिळते. ४१ च्या तपशिलात बगचेक कोड ० असेल तर बहुतेक वेळा वीज तुटलेली असते (किंवा पॉवरचं बटण दाबून धरलेलं). दुसरा काही आकडा असेल तर निळा पडदा आला होता, त्याचा विजेशी संबंध असेलच असं नाही. लाइट गेल्याच्या वेळा वहीत लिहून त्या यादीशी ताडून बघा. लाइट असतानाही ४१ पडत असतील तर एसएमपीएसवर संशय घ्या.

डिस्कही बघून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो मोफत आहे. हार्डडिस्कच्या यादीत ०५ (रीॲलोकेटेड), सी५ (पेंडिंग) आणि सी७ (सीआरसी एरर) या ओळींचा कच्चा आकडा बघा. ०५ किंवा सी५ शून्याहून जास्त आणि वाढत असेल तर आधी डेटा बाहेर काढा. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क बरी आहे, साटा केबल बदला. चेकडिस्क दुरुस्तीच्या पर्यायासह चालवण्याआधी डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. आजारी डिस्कवर ते चालवलं तर असलेलंही जातं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीज टॅबवर दोन चौकोन असतात. दुसरा, बफर फ्लशिंग बंद करण्याचा, कुणी 'वेग वाढतो' म्हणून टिक केला असेल तर काढून टाका.

---

तालुका_ऑफिस

बरोबर, सगळ्या केबल राउटरमध्येच आहेत. ४१ च्या एकूण अकरा नोंदी, सगळ्यांचा कोड ०, आणि जेवढ्या वेळा आठवतायत त्या लाइट गेल्यावरच्याच. सी५ शून्य, ०५ शून्य, सी७ चा आकडा ३. दुसरा चौकोन टिक नव्हता.

दोन प्रश्न राहिले. यूपीएस मेल्यावर लाइट आली तरी सर्व्हर आपोआप सुरू होत नाही, बायॉसमध्ये काय करायचं? आणि रात्री ऑफिस बंद असताना इन्व्हर्टरही संपला तर सर्व्हर नीट शट डाउन कसा होईल?

---

डेटा_आधी

सी७ चा ३ वाढला नाही तर विसरून जा.

बायॉसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाची ओळ पॉवरच्या पानावर असते, ती 'पॉवर ऑन' करा. 'लास्ट स्टेट' नको: विंडोज नीट शट डाउन झाल्यावर वीज तुटली तर 'लास्ट स्टेट' म्हणजे बंदच. पण आधी यूपीएस स्वतः परत सुरू होतो का ते बघा. बॅटरी संपून बंद झालेले बरेच यूपीएस लाइट आल्यावर बटण दाबल्याशिवाय उठत नाहीत. बल्ब लावून, बॅटरी संपू देऊन, मेन परत द्या. बल्ब लागला नाही तर बायॉसमध्ये काहीही करून उपयोग नाही.

शट डाउनसाठी यूपीएसला यूएसबीचं डेटा पोर्ट हवं. ते असेल तर विंडोजला तो लॅपटॉपच्या बॅटरीसारखा दिसतो. पॉवर ऑप्शन्समध्ये क्रिटिकल पातळी ४० टक्के आणि कृती 'शट डाउन' ठेवा. डीफॉल्ट ५ टक्के असते, आणि स्वस्त यूपीएस ५० वरून थेट शून्यावर उडी मारतात.

पोर्ट नसेल तर एक युक्ती: जुना पडलेला राउटर इन्व्हर्टर नसलेल्या, थेट मेनच्या सॉकेटवर लावून नेटवर्कला जोडा. त्याचं वायफाय आणि डीएचसीपी (बाकीच्यांना आयपी वाटण्याचं काम) बंद करा, त्याला कायमचा आयपी द्या. सर्व्हरवर टास्क शेड्युलर दर पाच मिनिटांनी त्याला पिंग करेल. ओळीने अठरा वेळा उत्तर नाही, म्हणजे दीड तास लाइट नाही, मग शट डाउन. दीड तासाचा आकडा तुमच्या बॅटरीवरून ठरवा: १५० एएच गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास, नवी असताना हाती हजारेक लागतात, रात्री २०० वॅट लोड असेल तर पाच तास. बॅटरी जुनी असेल तर निम्मे धरा.

---

बॅटरी_बहाद्दर

स्क्वेअर वेव्हचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, मान्य.

बॅटरी बदलताना: यूपीएस बंद, पिन भिंतीतून बाहेर, पीसीची वायर काढलेली. लाल अधिकला, काळी उण्याला. उलटी लागली तर फ्यूज तरी जातो किंवा बोर्ड. माप १५१ बाय ६५ बाय ९४ मिलिमीटर, हे जवळपास सगळीकडे सारखं. पट्टी मात्र दोन रुंदीची येते, ४.८ आणि ६.३ मिलिमीटर, जुनी बॅटरी दुकानात घेऊनच जा. ढिली बसलेली पट्टी तापते. आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर बसल्यावरच बदला, आधी नको. जुनी त्याच दुकानदाराला परत द्या, शिशाचे पैसे वळते होतात.

---

अर्थिंग_पाहा

इन्व्हर्टर बदलायला वायरमन येईलच, तेव्हा सर्व्हरच्या सॉकेटवर तीन आकडे मोजून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ ३ च्या आत. फेज-अर्थ पन्नास-शंभर काहीतरी विचित्र आलं तर अर्थ पोचतच नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ तुटली की पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास तरंगतो. एका पीसीच्या पत्र्यावर ते आणि दुसऱ्याच्या नाही, अशी स्थिती असली की नेटवर्क पोर्ट आणि प्रिंटरचे यूएसबी पोर्ट जळायला वेळ लागत नाही.

हीच मोजणी मेनवर एकदा आणि एमसीबी पाडून इन्व्हर्टरवर एकदा करा. इन्व्हर्टरच्या लाइनची न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेली असेल तर फरक तिथेच दिसेल.

---

तालुका_ऑफिस

बटण यूपीएस मोडवर केलं, आज दोनदा लाइट गेली, राउटर रिस्टार्ट झाला नाही. राउटर तरीही सर्व्हरच्या यूपीएसवर हलवला. मुंग्या येतात, हो. वायरमनला शनिवारी बोलावलंय, तिन्ही आकडे इथे टाकतो.